‘स्माइल’ची बखर आणि ‘स्माइल’च्या ध्वनिफिती

१/ १९६७च्या आरंभी अमेरिकेतील कॅपिटल रेकॉर्ड्स या कंपनीने एका अल्बमची साडेचार लाखांहून अधिक वेष्टने छापून ठेवली होती. पुढे एका छोट्या दुकानाचे चित्र, मागे बारा गाण्यांची नावे. आत घालायची तबकडी मात्र नव्हती. त्या नावाचा अल्बम त्याच्या कर्त्याकडून पूर्ण होऊन बाजारात आला तो २००४ साली. काम सुरू झाले तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता. अल्बम आला तेव्हा बासष्ट वर्षांचा. #थ्रेड

२/ अल्बमचे नाव ‘स्माइल’ आणि कर्ता ब्रायन विल्सन, ‘बीच बॉइज’ या समूहाचा संगीतकार. त्याच्या विलंबाची जी कथा सांगितली जाते ती अशी : एक अलौकिक प्रतिभावंत होता, त्याचा एक कोत्या मनाचा आतेभाऊ होता, अमली पदार्थ होते, पैशापलीकडे न पाहणारी कंपनी होती. सर्वांनी मिळून विसाव्या शतकातील एक महान कृती पूर्णत्वाच्या उंबरठ्यावर मारली आणि सदतीस वर्षांनी तिला न्याय मिळाला.

३/ कथा सुरस आहे आणि बहुतांशी बखर आहे. बखरीत सारेच खोटे असते असे नाही. परंतु बखरीला नायक लागतो, खलनायक लागतो आणि शेवट आधीच ठाऊक असतो. राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’च्या पहिल्या खंडात पानिपतच्या बखरी अस्सल पत्रांसमोर ठेवून तपासल्या, त्या तपासणीचे महत्त्व इतिहासाच्या वाचकांना सांगावयास नको. ‘स्माइल’च्या बाबतीत अस्सल पत्रांची जागा ध्वनिफितींनी घेतली आहे. त्या आज उपलब्ध आहेत, आणि बखरीला त्या फारसा दुजोरा देत नाहीत.

४/ पार्श्वभूमी थोडक्यात. कॅलिफोर्नियातील हॉथॉर्न गावचे ब्रायन, डेनिस आणि कार्ल हे तीन विल्सन बंधू, त्यांचा आतेभाऊ माइक लव्ह आणि मित्र अल जार्डिन यांनी १९६१ साली हा समूह उभारला. समुद्र, लाटा, मोटारी, मुली हे त्यांच्या गाण्यांचे विषय होते. डिसेंबर १९६४ मध्ये ह्यूस्टनला जाणाऱ्या विमानात ब्रायनला भीतीचा तीव्र झटका आला. त्यानंतर लवकरच त्याने दौरे सोडले. इतरांनी गावोगाव जाऊन गायचे आणि ब्रायनने स्टुडिओत बसून संगीत घडवायचे, अशी कामाची वाटणी झाली. पुढचे बरेचसे या वाटणीतूनच उद्भवले.

५/ दौऱ्यावरून परतलेल्या मंडळींसमोर बहुतेक वेळा तयार वाद्यसंगीत ठेवले जाई. ते वाजवलेले असे हॅल ब्लेन, कॅरल के यांच्यासारख्या लॉस एंजेलिसच्या कसलेल्या व्यावसायिक वादकांनी. समूहाने त्यावर आपला आवाज चढवायचा. मे १९६६ मध्ये आलेला ‘पेट साउंड्स’ असाच घडला. आज त्याचे नाव आदराने घेतले जाते. तेव्हा अमेरिकेत तो दहाव्या क्रमांकापर्यंतच चढला, ब्रिटनमध्ये मात्र दुसऱ्या.

६/ आता खरा मुद्दा : काम करण्याची रीत.

‘गुड व्हायब्रेशन्स’ हे एकच गाणे फेब्रुवारी ते सप्टेंबर १९६६ असे सुमारे सात महिने, चार निरनिराळ्या स्टुडिओंत ध्वनिमुद्रित होत होते. ते सलग कधी वाजवले गेलेच नाही. ब्रायनने त्याचे तुकडे पाडले. प्रत्येक तुकडा वेगळ्या दिवशी, पुष्कळदा वेगळ्या स्टुडिओत, वेगळ्या वाद्यमेळात मुद्रित केला, तोही अनेक प्रकारांनी. अखेर ध्वनिफीत पात्याने कापून, हवे ते तुकडे एकापुढे एक चिकटवून साडेतीन मिनिटांचे गाणे तयार झाले. ऑक्टोबरमध्ये ते प्रसिद्ध झाले आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचले.

७/ या यशाने ब्रायनला रीत दिली आणि त्याच रीतीने त्याचा घात केला. एका गाण्यापुरती जमलेली ही युक्ती त्याने संपूर्ण अल्बमला लावली.

८/ साधा हिशेब करून पाहावा. एका गाण्याचे सहा तुकडे असतील तर ते मांडण्याचे ७२० अनुक्रम होतात. प्रत्येक तुकड्याची दोन-तीन रूपे हाताशी असतील तर तो आकडा कुठल्या कुठे जातो. त्यातही ‘स्माइल’मध्ये एका गाण्यातील सूर दुसऱ्यात डोकावतो, एका गाण्यासाठी केलेला तुकडा महिन्याभराने दुसऱ्यात जाऊन बसतो. गाण्यांच्या सीमाच पुसट होत जातात. ‘हीरोज अँड व्हिलन्स’ या गाण्याचे इतके तुकडे मुद्रित झाले की नंतर निघालेल्या संचातील एक सीडी जवळजवळ त्यांनीच भरली आहे.

९/ आजचा संगीतकार असे तुकडे संगणकाच्या पडद्यावर सरकवतो, ऐकतो, आवडले नाही तर मागे फिरतो. १९६६ साली प्रत्येक प्रयोगासाठी रिळे काढावी लागत, मिश्रण करावे लागत, फीत कापावी लागे, जोडावी लागे. जोड बिघडला तर पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे विकल्प अगणित आणि एकेक विकल्प नुसता ऐकून पाहण्यालाच काही तास. जो माणूस ‘हेच’ असे म्हणून थांबू शकतो त्याला ही रीत पेलते. ब्रायनची थांबण्याची शक्ती त्या हिवाळ्यात ओसरत चालली होती.

१०/ तरीही ती रीत कशासाठी वापरली जात होती हे पाहिले पाहिजे, कारण इतिहासाच्या वाचकाला ‘स्माइल’मध्ये सर्वांत रंजक काही असेल तर ते हे. १९६६च्या उन्हाळ्यात ब्रायनने व्हॅन डाइक पार्क्स या तरुणाला गीतकार म्हणून सोबत घेतले. पार्क्स लहानपणी अभिनय करून आलेला, शब्दांशी खेळणारा, श्लेषांत रमणारा. अमेरिकेतील बहुतेक तरुण समूह तेव्हा ब्रिटिश समूहांचे अनुकरण करीत होते. या दोघांनी उलट दिशा धरली : अमेरिकेचाच इतिहास गायचा.

११/ पूर्व किनाऱ्यावरील प्लिमथचा खडक, तिथे उतरलेले वसाहतकार आणि त्यांच्या वाटेत आलेले मूळ रहिवासी. पश्चिमेकडे सरकत जाणारी वस्ती. गहू, लोहमार्ग, लाकडी घरे. १८७१ची शिकागोची आग. आणि सर्वांत शेवटी हवाई. व्हिएतनामचे युद्ध पेटलेले असताना दोन तरुण आपल्या देशाचा पसारा थट्टेने, प्रेमाने आणि थोड्या अपराधी भावनेने न्याहाळत होते. समुद्रावरच्या सुट्टीची गाणी करून गाजलेल्या समूहासाठी ही झेप लहान नव्हती. ब्रायन स्वतः त्या कामाला ईश्वराला उद्देशून केलेली किशोरवयीन सिम्फनी म्हणत असे. अल्बमचे पहिले नाव ‘डम्ब एंजल’. ते मागाहून बदलले.

१२/ बखरीचा आवडता भाग इथून सुरू होतो. ब्रायनने घरात वाळू भरून घेतली आणि तीवर पियानो मांडला, म्हणजे वाजवताना पायांना किनारा लागावा. हे खरे आहे. २८ नोव्हेंबर १९६६ रोजी गोल्ड स्टार स्टुडिओत ‘मिसेस ओलिअरीज काउ’ या वाद्यरचनेचे मुद्रण झाले. (शिकागोची आग जिच्यामुळे लागली असे लोक सांगत, त्या गाईवरून हे नाव. त्या बिचाऱ्या गाईवरचा आरोपही बखरीतलाच.) वादकांना अग्निशमन दलाची शिरस्त्राणे घालायला लावली, हेही खरे.

१३/ पुढचा भाग असा सांगतात : त्याच सुमारास स्टुडिओच्या आसपास कुठेतरी आग लागली, आपल्या संगीतानेच ती लावली असे ब्रायनला वाटले, आणि भीतीपोटी त्याने त्या ध्वनिफिती नष्ट केल्या. ही हकीकत वर्षानुवर्षे छापली गेली आणि खुद्द ब्रायननेही ती सांगितली. त्याला भीती वाटली असेल. त्या भीतीवर शंका घेण्याचे कारण नाही. फिती मात्र जळल्या नाहीत. त्या पेटाऱ्यात सुखरूप होत्या आणि आज कोणीही विकत घेऊन ऐकू शकतो. घटनेचा नायकच साक्षीदार असला म्हणून साक्ष तपासायची नाही, असा नियम नाही.

१४/ दुसरे प्रकरण माइक लव्हचे. डिसेंबर १९६६ मध्ये ‘कॅबिन एसेन्स’ या गाण्याच्या वेळी त्याने पार्क्सला एका ओळीचा अर्थ विचारला. पार्क्सने अर्थ सांगितला नाही. आपल्यालाही तो ठाऊक नाही असे सुचवले. या प्रसंगाला बखरीत खुनाच्या प्रयत्नाचे स्थान आहे. ध्वनिफीत काय सांगते? लव्हने ती ओळ गायिली. नुसती गायिली नाही, चांगली गायिली. १९६९ साली गाणे प्रसिद्ध झाले तेव्हा त्यात त्याचाच आवाज होता.

१५/ लव्हला ते शब्द आवडले नाहीत आणि आवडले नसल्याचे त्याने लपवले नाही, एवढे निश्चित. त्याची बाजूही जरा पाहावी. वर्षातले कित्येक महिने तो गावोगाव फिरून तीच गाणी लोकांसमोर गात होता. हे नवे शब्द व्यासपीठावरून त्यालाच उच्चारायचे होते. ज्याला ओळ गायची आहे त्याने तिचा अर्थ विचारणे हा गुन्हा कसा ठरतो, याचे उत्तर लव्हच्या टीकाकारांनी अद्याप दिलेले नाही. त्याचा स्वभाव आणि त्याने पुढे केलेले खटले हा वेगळा विषय. ते १९६६च्या पारड्यात टाकणे म्हणजे कालविपर्यास.

१६/ आता सर्वांत बोलका पुरावा. तो ध्वनिफितीतही नाही, वेष्टनावर आहे.

डिसेंबर १९६६ मध्ये कंपनीकडे बारा गाण्यांची हस्तलिखित यादी गेली. ते हस्ताक्षर ब्रायनचे नाही. त्या यादीवरून वेष्टनाची मागची बाजू छापली गेली आणि सोबत सूचना दिली गेली : गाण्यांचा योग्य अनुक्रम तबकडीच्या लेबलावर पाहावा.

१७/ या एका सूचनेत सारे काही आहे. वेष्टन छापण्याची वेळ आली तरी अनुक्रम ठरला नव्हता. यादीतील काही गाण्यांना शब्द नव्हते, काहींना शेवट नव्हता, आणि पंचमहाभूतांवरच्या ‘दि एलिमेंट्स’ या रचनेत अग्नीखेरीज दुसरे काय असणार याचा पत्ता नव्हता. ‘उंबरठ्यावर मारलेली महान कृती’ हे वर्णन या सूचनेपुढे टिकत नाही. कृती उंबरठ्यापर्यंत आलीच नव्हती. दगड सुंदर घडवलेले, नक्षी अप्रतिम, आणि घराचा नकाशा कोणाहीपाशी नाही.

१८/ १९६७ उजाडले ते संकटे घेऊनच. जानेवारीत कार्ल विल्सनला लष्करभरतीचा आदेश आला. त्याने नकार दिला आणि न्यायालयाच्या फेऱ्या सुरू झाल्या. फेब्रुवारीच्या अखेरीस समूहाने थकलेल्या मानधनासाठी कॅपिटलवर २,५५,००० डॉलरचा दावा लावला. म्हणजे ज्या कंपनीने अल्बम काढायचा तिच्याशीच भांडण. वसंत ऋतूत पार्क्स निघून गेला आणि अर्धवट गाण्यांचे शब्द अर्धवटच राहिले. कंपनीला नवे एकेरी गाणे हवे होते. ब्रायन ‘हीरोज अँड व्हिलन्स’चे तुकडे पुन्हा पुन्हा जुळवीत आणि मोडीत बसला.

१९/ याच काळातला एक क्षण मात्र कोणत्याही बखरीपेक्षा मोठा आहे. २५ एप्रिल १९६७ रोजी सीबीएस वाहिनीवर लिओनार्ड बर्नस्टीन यांचा नव्या संगीतावरचा कार्यक्रम प्रसारित झाला. त्यात ब्रायन एकटा पियानोवर बसून ‘सर्फ्स अप’ गातो. वादक नाहीत, फितींची कापाकापी नाही, भाऊ नाहीत. चित्रण डिसेंबरातले. गाणे पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग, एका माणसाच्या हातात आणि गळ्यात. देशाने ते पाहिले तोवर अल्बमचा श्वास जवळजवळ थांबला होता.

२०/ मेच्या पहिल्या आठवड्यात समूहाचे प्रसिद्धिप्रमुख डेरेक टेलर यांनी ब्रिटिश साप्ताहिकात ‘स्माइल’ रद्द झाल्याचे जाहीर केले. मेच्या अखेरीस बीटल्सचा ‘सार्जंट पेपर’ आला. या दोन घटना इतक्या जवळ आहेत की पुष्कळांना त्यांत कार्यकारणभाव दिसतो : बीटल्सनी बाजी मारली म्हणून ब्रायन खचला. पण रद्द झाल्याची बातमी आधीची आहे, ‘सार्जंट पेपर’ नंतरचा. कॅलेंडर हेही एक साधन आहे.

२१/ सप्टेंबरात त्याऐवजी ‘स्मायली स्माइल’ आला. ‘स्माइल’मधलीच अनेक गाणी, पण घरी, कमी वाद्यांत, हसत-खिदळत, जणू कुजबुजत नव्याने गायिलेली. अमेरिकेत तो ४१व्या क्रमांकावर अडला. समीक्षक आणि श्रोते दोघेही रुष्ट झाले, कारण त्यांना भव्य मंदिराचे आश्वासन दिले होते आणि हाती आली एक पडवी. त्या पडवीचे सौंदर्य ओळखायला पुढे बरीच वर्षे गेली. तेव्हाच्या नाराजीचा भार त्या अल्बमच्या गुणावगुणांपेक्षा आधीच्या जाहिरातीवर अधिक टाकला पाहिजे. जो अल्बम ऐकलाच नाही त्याच्याशी तुलना होऊन हरलेला हा अल्बम आहे.

२२/ आणि याच शरद ऋतूत बखर लिहायला बसलेले लोकही होतेच. ऑक्टोबर १९६७ मध्ये ज्युल्स सीगल यांचा दीर्घ लेख ‘चीता’ मासिकात आला. लेखक त्या काळात ब्रायनच्या बैठकीत वावरलेला, शैली झोकदार. वाळूतला पियानो, शिरस्त्राणे, आगीची धास्ती, सारे त्यात आहे. पुढच्या पिढ्यांनी ‘स्माइल’ ऐकण्याआधी ‘स्माइल’विषयी वाचले, आणि असेच काही वाचले.

२३/ अल्बम न येता त्याची कीर्ती वाढत गेली. ‘कॅबिन एसेन्स’ १९६९ साली एका अल्बममध्ये आले, ‘सर्फ्स अप’ १९७१ साली दुसऱ्यात. ऐंशीच्या दशकात चोरट्या ध्वनिफिती हातोहात फिरू लागल्या. चाहते त्यांचे तुकडे जुळवून आपापला ‘स्माइल’ बांधू लागले आणि एकमेकांच्या अनुक्रमांवर हमरीतुमरीवर येऊ लागले. १९९३च्या एका संचात अधिकृतपणे अर्ध्या तासाच्या आसपास सामग्री आली. भूक त्याने शमली नाही, वाढली.

२४/ या सदतीस वर्षांत माणसाचे काय झाले? ब्रायन अंथरुणाला खिळला, अमली पदार्थांत बुडाला, देहभान सुटले. कानांत धमकावणारे आवाज ऐकू येत. पुढे त्याने आपल्या स्किझोअफेक्टिव्ह विकाराविषयी उघडपणे सांगितले. यूजीन लँडी या मानसशास्त्रज्ञाने उपचाराच्या नावाखाली त्याच्या आयुष्याचा आणि पैशाचा ताबा घेतला. १९९२ साली न्यायालयाच्या आदेशाने त्या दोघांचा संपर्क तुटला. यादरम्यान मुलाखतीला येणारा कोणी ना कोणी विचारीतच राही : ‘स्माइल’ कुठे आहे?

२५/ त्या प्रश्नातील निष्ठुरता अजून पुरेशी मोजली गेलेली नाही. एका आजारी माणसाच्या आयुष्यातील सर्वांत दुखरी जागा चाहत्यांनी तीर्थक्षेत्र करून ठेवली होती. ‘वेडा प्रतिभावंत’ ही प्रतिमा त्यांना हवी होती, कारण तिच्यावाचून अपूर्ण अल्बम हा केवळ अपूर्ण अल्बम ठरला असता. ब्रायन अनेक वर्षे त्या गाण्यांचा विषय टाळीत असे. खलनायकांच्या यादीत माइक लव्हचे नाव घालणाऱ्यांनी श्रद्धाळू वाचकांसाठीही त्यात एक ओळ मोकळी सोडावी.

२६/ वळण आले ते वादकांमुळे. १९९९ पासून ब्रायन पुन्हा दौरे करू लागला. सोबतच्या तरुण वादकांपैकी डॅरियन सहानजा हा ‘स्माइल’चा निस्सीम अभ्यासक. २००३च्या शरद ऋतूत त्याने जुने तुकडे लॅपटॉपवर घेतले आणि ब्रायनसमोर ठेवले. हा नंतर चालतो का? तो आधी घेतला तर? १९६६ साली ज्या प्रयोगाला दिवस जाई तो आता मिनिटांत होऊ लागला.

२७/ एका जुन्या कागदावरचा शब्द ब्रायनला लागेना. त्याने पार्क्सला दूरध्वनी केला. पार्क्सने शब्द सांगितला आणि लगोलग स्वतःच तिथे दाखल झाला. अपुऱ्या गाण्यांना त्याने नवे शब्द दिले, काहींना नवी नावे मिळाली, आणि तीन भागांची एक सलग रचना उभी राहिली : अमेरिका, बालपण ते पितृत्व, पंचमहाभूते.

२८/ २० फेब्रुवारी २००४. लंडनचे रॉयल फेस्टिव्हल हॉल. शेवटचा सूर थांबल्यावर सारे सभागृह उभे राहिले आणि बराच वेळ टाळ्या थांबेनात. नंतर लॉस एंजेलिसच्या सनसेट साउंड स्टुडिओत मुद्रण झाले आणि २८ सप्टेंबरला ‘नॉनसच’ कंपनीकडून अल्बम प्रसिद्ध झाला. नाव : ‘ब्रायन विल्सन प्रेझेंट्स स्माइल’. अमेरिकेत १३वा क्रमांक, ब्रिटनमध्ये ७वा. ‘रोलिंग स्टोन’ने पाचपैकी पाच तारे दिले, सहजासहजी न हेलावणाऱ्या रॉबर्ट ख्रिस्टगाऊ यांनीही सर्वोच्च श्रेणी दिली. २००५ साली ब्रायनला आयुष्यातील पहिले ग्रॅमी मिळाले, तेही त्याच्या स्वतःच्या म्हणण्याप्रमाणे ‘जळालेल्या’ आगीच्या रचनेसाठी.

२९/ या स्वागतात प्रेम होते, सुटकेचा निःश्वास होता आणि थोडे प्रायश्चित्तही होते. पण बहुतेक परीक्षणांनी एक गृहीत धरले : १९६७चा अल्बम अखेर सापडला. तसे झालेले नाही. तीन भागांची रचना पाहावी. १९६७ची तबकडी दोन बाजूंची असे. तीन भाग दोन बाजूंत कसे मावणार होते? सुमारे ४७ मिनिटांचा हा सलग प्रवाह सीडीच्या युगाचा आहे. ‘गुड व्हायब्रेशन्स’चे शब्दही १९६६च्या गाजलेल्या गाण्याचे जसेच्या तसे नाहीत, टोनी ॲशर यांनी आधी लिहिलेल्या ओळी त्यात परत आल्या आहेत.

३०/ आणि आवाज. चोवीस वर्षांच्या ब्रायनचा उंच, निथळ स्वर २००४ साली नव्हता. उंच जागा जेफ्री फॉस्केट आणि इतरांनी सांभाळल्या. ब्रायनचा स्वर जड झालेला, उच्चार थोडे अडखळणारे. ‘सर्फ्स अप’ची १९६६ची पियानोवरची आवृत्ती आणि २००४ची एकापाठोपाठ ऐकावी. पहिलीत एक तरुण जगाच्या ऱ्हासाविषयी गातो आहे, ज्याचा त्याला अनुभव नाही. दुसरीत तोच माणूस ते शब्द जगून परत आला आहे. दुसऱ्या आवृत्तीत गळा कमी आहे आणि अर्थ जास्त.

३१/ म्हणून २००४च्या अल्बमची योग्य किंमत करायची तर त्याला ‘जीर्णोद्धार’ म्हणणे सोडावे लागेल. तो बासष्ट वर्षांच्या संगीतकाराचा नवा अल्बम आहे. सामग्री जुनी, निर्णय नवे. आणि १९६७ साली नेमके निर्णयच अडले होते. सहानजाचा लॅपटॉप, पार्क्सचे नवे शब्द, वादकांचा संयम आणि भीतीच्या जागेकडे पुन्हा चालत जाण्याचे ब्रायनचे धैर्य, यांतून तो घडला. हरवलेला खजिना सापडला म्हणण्यात या सर्वांचे श्रम पुसले जातात. खजिना सापडायला कोणाला गाणे लिहावे लागत नाही.

३२/ एक पुरवणी. २००५ साली माइक लव्हने या अल्बमच्या प्रसिद्धीवरून खटला भरला. एका ब्रिटिश वृत्तपत्रासोबत मोफत वाटलेली सीडी हे त्यातले मुख्य कारण. २००७ साली खटला फेटाळला गेला. बखरीच्या वाचकांना यात आपल्या खलनायकाचा पुरावा दिसला. एवढ्याने १९६६ची ओळ त्याने गायिलीच नव्हती असे मात्र होत नाही.

३३/ २०११च्या अखेरीस मूळ ध्वनिफिती ‘द स्माइल सेशन्स’ या संचातून बाहेर आल्या आणि २०१३ साली त्या संचाला ऐतिहासिक अल्बमचे ग्रॅमी मिळाले. संपादकांपुढे तोच जुना प्रश्न होता : अनुक्रम कोणता? त्यांनी २००४च्या अल्बमचा अनुक्रम साचा म्हणून घेतला आणि १९६६चे तुकडे त्यात बसवले. म्हणजे मूळ साधनांची मांडणी अडतीस वर्षांनंतरच्या कृतीवरून झाली. हे प्रामाणिकपणे सांगून केले, म्हणून ते क्षम्य आहे. पण पहिली सीडी लावून ‘हाच १९६७चा स्माइल’ म्हणणारा श्रोता फसतो. त्याने उरलेल्या सीडी ऐकाव्यात : तोच तुकडा पाचव्यांदा, सातव्यांदा, वादकांची थट्टा, मध्येच थांबवणारा ब्रायनचा आवाज, आणि पुन्हा सुरुवात. त्या आवाजात वेड ऐकू येत नाही. काय हवे आहे ते नेमके सांगणारा एक तरुण ऐकू येतो. तुकड्यापुरते त्याला सारे ठाऊक आहे.

३४/ ११ जून २०२५ रोजी, वयाच्या ८२व्या वर्षी, ब्रायन विल्सनचे निधन झाले. त्या आठवड्यात अनेक ठिकाणी बखरच पुन्हा छापली गेली, वाळूतल्या पियानोसकट. चाहते मात्र अजूनही आपापले अनुक्रम जुळवीत आहेत. कोणी बारा नावांची यादी प्रमाण मानतो, कोणी दोन बाजूंचे बंधन पाळतो, कोणी ‘गुड व्हायब्रेशन्स’ वगळतो. वेष्टनावरच्या सूचनेप्रमाणे पाहायला गेले तर योग्य अनुक्रम लेबलावर आहे, आणि १९६७ सालचे ते लेबल कधी छापलेच गेले नाही.

(समाप्त)